पावणेतेरा हजार किलोमीटरांचा सोमवार

सहारच्या विमानतळावर मला सोडायला सात माणसं आली होती आणि सातही जणांनी मला एकच सांगितलं, घाबरू नका. घाबरलेल्या माणसाला घाबरू नको म्हणून काही होत नाही. उलट त्याला कळतं की आपलं तोंड सगळ्यांना दिसतंय.

पहाट होती. सोमवार होता. बोरिवलीच्या गावठाणातून दोन टॅक्सी करून हायवेने आम्ही अंधेरीला आलो. थोरल्या भावाने झेंडूचा हार आणला होता, पण वहिनीने तो पिशवीतून काढू दिला नाही. घरातली बाई जाऊन दोन महिने झाले नव्हते, हार कसला घालायचा. माझ्या हातात एक बॅग होती. तिच्यात अळीव, डिंक, सुंठ, बाळंतशोप आणि शालनची दोन जुनी लुगडी, धुऊन धुऊन मऊ झालेली, लंगोट-दुपट्यांसाठी फाडलेली. शालन म्हणजे माझी बायको. हे सगळं तिनेच भरलं होतं. जायची होती ती. मुलीच्या बाळंतपणाला आई जाते, ती चालली होती. मधेच ती गेली, म्हणून मी चाललो होतो.

भाऊ तिथे दारातसुद्धा गप्प बसेना. "बाळंतपणाला बाप निघाला. आपल्या सात पिढ्यांत नाय झालं असं."

आमची घरमालकीण रेजिनाबाय फटकन म्हणाली, "सात पिढ्यांत कुणाची पोर अमेरिकेत होती रे? जाऊ दे त्याला. शंभर म्हशींची केलीयत यानं."

"म्हस वेगळी, बाई वेगळी."

"तुला काय म्हायती? तू दोन्ही नाय केलंस."

सगळे हसले. मी नाही हसलो. मी आरे कॉलनीत गोठ्यावर तीस वर्षं काढली. म्हैस अडली की मला उठवून न्यायचे. म्हणूनच मला भीती जास्त होती. जो कधी बघत नाही त्याला वाटतं देव करील बरोबर. मी बघितलंय. सगळं नीट चाललेलं असतं आणि अर्ध्या तासात जनावर डोळे फिरवतं.

माझी मुलगी निर्मला, निमा, नर्सिंग शिकली आणि त्याच्या जोरावर अमेरिकेला गेली. नवरा मुलुंडचा, सुधीर, मशीनवर काम करतो, चांगला माणूस. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात गेले. तिसऱ्या वेळी पाचवा पार पडला तेव्हा शालनने सोळा सोमवार धरले. दिवसभर पाण्याशिवाय काही नाही, संध्याकाळी सूर्य बुडाला की देवाजवळ दिवा, आणि मग एकदाच जेवण. तिचं बोलणं मालवणी होतं, चाळीस वर्षं मुंबईत काढून सुटलं नाही. "सूर्य बुडलो काय दिवो, दिवो लागलो काय घास." मी कधी म्हटलं, अगं साडेसात वाजले, जेव आता, तर म्हणायची, "घड्याळ तुमचा, सोमवार माझो."

नऊ सोमवार झाले. त्यानंतरच्या गुरुवारी दोरीवर कपडे वाळत टाकता टाकता खाली बसली आणि उठली नाही. एवढंच झालं. त्याच्यावर जास्त लिहिता येत नाही मला.

निमाला फोन लावला तो शेजारच्या डॉक्टरच्या घरून. ट्रंक कॉलवर तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. ती एवढंच म्हणाली, "बाबा, थांबा. मी येईपर्यंत थांबा." तिला डॉक्टरने पलंगावरून उतरायची बंदी केली होती, ती कुठून येणार? पण ती आली असती. मी म्हणालो, "थांबता येत नाही. एप्रिल आहे." आणि फोन ठेवला. मुलीशी असं बोललो मी. ती वीस तास लांब होती आणि बर्फ चार तासांत वितळत होता. अंतर म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

दहावा सोमवार सुतकात आला. आता उपास कोण करणार? आमच्या घरात कुणाला चालत नव्हतं. तेव्हा रेजिनाबाय दारात येऊन म्हणाली, "मी धरते."

मी म्हटलं, "बाय, तू क्रिस्ताव."

"मग? माझ्या पोटाला भूक वेगळी लागते?" दिवसभर तिने पाण्यावर काढला, संध्याकाळी आपल्या अल्तारासमोर मेणबत्ती लावली आणि भाताची पेज प्याली. मी भटजींना विचारलं, चालेल का. ते बराच वेळ पंचांग चाळत बसले, पण पंचांगात ते नसावं. शेवटी म्हणाले, "खंड नाही पडला एवढं समजा. पुढचे तुम्ही करा." अकरावा ते पंधरावा मी केले. आयुष्यात एक एकादशी न धरलेला माणूस मी. पण शालनने धरलं होतं आणि निमाच्या पोटात पोर होतं. मधेच मोडला की पहिल्यापासून धरायचा, असा त्याचा नियम. आणि मोडला की जे मागितलं त्याचं काय होतं, ते कोणी बोलत नाही.

तिकीट शालनच्या नावाचं होतं. पासपोर्ट आणि व्हिसा निमाने आमच्या दोघांचे करून घेतले होते, पण मी जात नाही म्हणालो होतो. कारण काही नाही, विमानाला भीत होतो. तिला एकटीला पाठवायला तयार होतो आणि स्वतः भीत होतो, हे आज खरं लिहितो. एजंटने नाव बदलून दिलं. तारीख मात्र बदलत नव्हती. सोळावा सोमवार, सकाळी सात.

आता माझी चूक सांगतो. सुधीरने एका आंतरदेशीयासारख्या निळ्या कागदावर सगळं व्यवस्थित लिहून पाठवलं होतं. मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर, दहा तास. लंडनला अडीच तास थांबा. लंडन ते न्यूयॉर्क पाच हजार साडेपाचशे, साडेसात तास. आणि खाली, सोमवारीच संध्याकाळी साडेपाचला पोचाल. मी चौथी शिकलेला. मी बेरीज नाही केली, खालची ओळ वाचली. सकाळी सातला निघून संध्याकाळी साडेपाचला पोचायचं, म्हणजे दिवसभराचा प्रवास. गावाहून मुंबईला बोटीने यायला यापेक्षा जास्त लागायचं. वरचे तास बघून मला वाटलं, जावयाने घाईत काहीतरी जास्त लिहिलंय. मी खूशच झालो. साडेपाचला उतरायचं, निमाच्या घरी जायचं, दिवेलागणीला तिच्या हातचा घास घेऊन सोळावा सोमवार सोडायचा. शालन असती तर तिनेही असंच केलं असतं. मला तर वाटलं देवानेच ही तारीख दिली.

विमान वर चढलं तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली काही नव्हतं. शेजारी एक गुजराती बाई होत्या, घाटकोपरच्या, कांताबेन. मुलाकडे चौथ्यांदा चालल्या होत्या. खिडकीची जागा त्यांची होती, पण म्हणाल्या, "तुमी बसा भाई, माझा तर तीन वेळा बघून झाला. ढगच हाय." मांडीवर डबा. विमान सरळ झालं न झालं तो खाकरे, सुकी भाजी, मेथीचे ठेपले. माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, उपास आहे, सूर्य बुडेपर्यंत काही नाही.

कांताबेन तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "अरे देवा. माझा उलटा हाय. मी जैन. सूरज बुडला के माझा तोंड बंद. म्हणून तर मी हाच प्लेन पकडते. पूर्ण रस्ता सूरज असतो, पूर्ण रस्ता खायला होतं!"

मला कळलं नाही. म्हटलं, "पूर्ण रस्ता म्हणजे?"

"म्हणजे सूरज चालला अमेरिका, आपण पण चाललो अमेरिका. तो पुढे, आपण मागे. तो कसा बुडणार?"

मी म्हटलं, "साडेपाचला उतरायचं ना आपण?"

"उतरायचं. पण तो साडेपाच तिकडचा. तुमच्या हातावरचा नाय." आणि माझ्या घड्याळावर बोट ठेवून म्हणाल्या, "यात रातचे तीन वाजतील."

मी निळा कागद काढला आणि बोटांवर बेरीज केली. दहा, अडीच, साडेसात. वीस. जावयाने काही चुकीचं लिहिलं नव्हतं. मी आदल्या दिवशी संध्याकाळी जेवलो होतो आणि सकाळी निघताना चहासुद्धा घेतला नव्हता. पण ते सोडा. मला भीती ही वाटली की आपण एक असा दिवस धरलाय ज्याला शेवट नाही.

लंडनला उतरलो तेव्हा माझ्या घड्याळात पाच वाजले होते आणि बाहेर दुपार. तिथल्या बाकड्यावर बसलो असताना सहा झाले, सात झाले. बोरिवलीत या वेळेला गावठाणातल्या विहिरीवर सावली येते, रेजिनाबाय कोंबड्या आत घेते, आमच्या खोलीत शालन काडी ओढते. काडी ओढायची. इथे काचेतून ऊन माझ्या गुडघ्यांवर पडलं होतं. मी कांताबेनना विचारलं, "आपल्याकडे दिवे लागले असतील. घड्याळ धरून सोडला तर?"

त्या म्हणाल्या, "ते तुमचा देव जाणे. मी तर डोळ्याने बघते. डोळ्याला दिसला सूरज, म्हणजे हाय."

शालनही हेच म्हणाली असती. मी नाही सोडला.

दुसरं विमान. आठ वाजले, नऊ, दहा. सूर्य माझ्या बाजूच्या खिडकीत होता, तसाच. खाली नाही, वर नाही. तीस वर्षं मी सूर्य बघून धारा काढल्या, वैरण टाकली. त्याला असा खिळलेला मी कधी बघितला नव्हता. बाकीच्यांनी खिडक्या खाली ओढून घेतल्या आणि झोपले. मी माझी ओढली नाही. मला वाटलं, मी नजर काढली आणि तो बुडाला तर? येडेपणा आहे, पण उपाशी डोक्याला काहीही वाटतं.

घड्याळात बारा वाजले आणि मी खरा घाबरलो. बोरिवलीत सोमवार संपला. तिथे मंगळवार लागला. आणि माझा सोमवार सुटलाच नव्हता. मग मी कुठल्या वारात होतो? सोमवार न सोडता मंगळवारात शिरलो, तर मोडला? की अजून सोमवारच आहे, ऊन आहे म्हणून? विचारायचं कुणाला? खाली समुद्र, तोही दिसत नव्हता. हातपाय गार पडले. कानात गोठ्यातल्या पंख्यासारखा आवाज यायला लागला. आणि तेवढ्यात विमान हादरलं. आधी थोडं, मग एकदम पायाखालची फळी काढल्यासारखं खाली गेलं. बायका ओरडल्या, कुणाचा तरी पेला छताला लागला. मला वाटलं, झालं. देव असाच हिशेब करतो. मी पडलो तर पडलो, पण तिकडे पलंगावर पोर पडलीय, तिचं काय.

त्याच्या पुढचं थोडं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा कांताबेन माझं डोकं धरून बसल्या होत्या, हवाई सुंदरी ओल्या फडक्याने तोंड पुसत होती, आणि माझ्या तोंडात गुळाचं आणि खाकऱ्याचं काहीतरी होतं. मी चावत होतो. खिडकीत सूर्य होता.

"गिळा," कांताबेन म्हणाल्या. "पाप मला लागू दे. गिळा."

मी गिळलं. इथपर्यंत कोणी मला काही म्हणणार नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात कोणी घातलं, त्याला उपास मोडला म्हणत नाहीत. पण मी खोटं लिहायला बसलो नाही. पहिला तुकडा त्यांनी घातला. दुसरा मी मागितला. तिसरा मी स्वतःच्या हाताने डब्यातून घेतला. ऊन तोंडावर पडत होतं आणि मी खात होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खात होतो. ठेपले संपवले. घड्याळ बघितलं, एक वाजून गेला होता.

न्यूयॉर्कला सुधीर एकटाच आला होता. पाया पडला. मी विचारलं, निमा कशी आहे. तो बॅग उचलत म्हणाला, "बाबा, गाडीत बसू, मग सांगतो." हे वाक्य मला ओळखीचं आहे. गोठ्यावर मालक लोकांना मी असंच सांगायचो.

गाडीत त्याने सांगितलं. ब्लड प्रेशर वाढलं म्हणून हॉस्पिटलमध्ये दाखल केलंय. दिवस अजून भरलेले नाहीत, पाच आठवडे आहेत.

मी म्हटलं, "किती वाजता नेलं?"

"दुपारी. साडेतीनच्या सुमारास."

"आपल्याकडचे किती?"

त्याने स्टिअरिंगवर बोटं मोजली. "रात्रीचा एक."

आम्ही न्यू जर्सीकडे, म्हणजे पश्चिमेलाच चाललो होतो. सूर्य काचेत समोर होता, अगदी समोर, डोळ्यांत जात होता. सुधीरने वरची पट्टी खाली केली आणि म्हणाला, "इथे उन्हाळ्यात साडेआठपर्यंत असतो हा." त्याला बिचाऱ्याला काय माहीत. हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावली तेव्हा तो बुडाला. मी उभा राहून बघितला. एवढ्यासाठी थांबायचं होतं. पाच तास.

निमाचे पाय खांबासारखे सुजले होते, हाताला नळ्या. मला बघून तिने आधी माझ्या मागे बघितलं. दारात. चुकून. आई मागून येईल असं तिला वाटलं असावं, किंवा डोळ्यांना सवय. मग रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने विचारलं, "बाबा, सोमवार ना आज? जेवलात का?" मी म्हटलं, हो. खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन करून मुलगी काढली. मुलगी म्हणजे काय, दोन्ही तळहातांत मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवली. छातीच्या फासळ्या दिसायच्या, श्वास घेताना पोट आत जायचं. मी ते बघितलंय, वासरांत. अशी दहा वासरं असली तर चार राहतात. मी कुणाला बोललो नाही. काचेसमोर खुर्चीवर बसायचो. नर्स बायका मला कॉफी आणून द्यायच्या, मी पाण्याशिवाय काही घ्यायचो नाही. आता काय उपयोग होता, पण घ्यायचो नाही.

सात दिवस मी रोज सकाळी असा विचार करून उठायचो की आज सुधीर दारात येऊन म्हणणार, बाबा, खाली बसा. मी आयुष्यात बरंच भ्यालो. गावाहून पहिल्यांदा बोटीत चढलो तेव्हा चौदा वर्षांचा होतो, तेव्हा भ्यालो. वणव्यात गोठा पेटला होता तेव्हा भ्यालो. पण ती भीती अंगावर येऊन निघून जाते. ही आत बसून होती. हिला माझ्या हाताने वाढलेलं होतं.

आठव्या दिवशी निमा चाकाच्या खुर्चीवरून काचेजवळ आली. आम्ही दोघंच होतो. मी तिला सगळं सांगितलं. दुसरा तुकडा मागितला तेही.

ती म्हणाली, "बाबा, शनिवारपासून माझे पाय सुजले होते. रविवारी डोळ्यांपुढे काजवे आले. सुधीर तुम्हाला फोन करणार होता, मीच नको म्हटलं. म्हटलं बाबा विमानात बसणारच नाहीत. तुम्ही बोरिवलीत पोटभर जेवत होता तेव्हाच हे सुरू झालं होतं."

मी म्हटलं, "पण एक वाजता..."

"एक वाजता बेड रिकामा झाला म्हणून नेलं." आणि मग तिने आवाज चढवला. हुबेहूब शालन. "आणि तुम्ही उपाशी मेला असता विमानात, तर मी काय करायचं होतं? दोघांचं सुतक एकदम धरायचं? आईला बघता नाही आलं मला. तुम्ही म्हणालात थांबता येत नाही. तुम्हाला विमानातून मढ्याच्या पेटीत उतरवून घ्यायचं होतं का मी?"

बरंच रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "मोडला तर मोडला. पुन्हा धरा."

नर्स आहे ती, तिचा यावर विश्वास नाही. तरी म्हणाली.

पुढच्या सोमवारी मी पहिला धरला. पोर एकोणीस दिवसांनी पेटीतून बाहेर आली. मी तिला न्हाऊ घातलं, शेक दिला, ओव्याची धुरी दिली तेव्हा भिंतीवरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं आणि खालच्या मजल्यावरचा माणूस धावत वर आला. शालनच्या लुगड्यात गुंडाळलेली पोर बघून तो "सॉरी, सॉरी" म्हणत गेला. माझं परतीचं तिकीट जुलैअखेरचं होतं. जुलैअखेर माझे आठच सोमवार झाले होते. मधे सोडून विमानात बसायचं, आणि जाताना पुन्हा ते घड्याळ आणि तो सूर्य? छातीच झाली नाही. सुधीर म्हणाला, "बाबा, पूर्ण करून जा." सप्टेंबरात सोळा झाले. तोपर्यंत निमाची ड्यूटी सुरू झाली होती आणि पोर माझ्याशिवाय झोपत नव्हती. मग स्नो पडायला लागला. मग एकेक कागद होत गेले.

असा मी इथे राहिलो. लोक नोकरीसाठी येतात, शिकायला येतात. मी सोमवार मोडला म्हणून राहिलो. खोली रेजिनाबायने वर्षभर बंद ठेवली, भाडं घेतलं नाही, मग तिने कुणाकडून तरी लिहून पाठवलं, "परत येतोस की देऊ? खरं सांग, मला राग नाय." मी ते पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी कळवलं, दे. त्या दिवशी मी बेसमेंटमध्ये जाऊन वॉशिंग मशीनजवळ बसलो, कारण तिथे आवाज असतो.

पाच वर्षं झाली. गावच्यांनो, बोरिवलीच्यांनो, आणि माझ्यासारख्या म्हातारपणी मुलांमागे उचलून आणलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल म्हाताऱ्याचं बरं चाललंय. बरं आहे. फ्रीज भरलेला असतो. पण भीती गेली नाही, जागा बदलली. तिथे होतो तेव्हा इकडच्या फोनला भ्यायचो, इथे तिकडच्या फोनला भितो. गेल्या साली भाऊ गेला. वहिनीने विचारलं, थांबू का. मी म्हटलं, थांबू नका. दोन्ही टोकांना मी एकच बोललो.

आणि मला जाळतील कुठे, कुणास ठाऊक. इथे बटण दाबतात म्हणे.

सोमवार मी अजून धरतो. कशासाठी आता, विचाराल तर सांगता येणार नाही. हिवाळ्यात बरं असतं, साडेचारला अंधार. उन्हाळ्यात जीव निघतो, साडेआठपर्यंत ऊन, आणि मी आता अडुसष्टचा. निमा रागावते. पोर मात्र रागावत नाही. तिचं नाव शालिनी, शाळेत तिला शॅली म्हणतात, मी शालू म्हणतो. संध्याकाळी ती खुर्ची ओढून मागच्या खिडकीत चढते आणि सूर्यावर नजर ठेवते, आजोबांसाठी. परवा आठही वाजले नव्हते. मी डोळे मिटून पडलो होतो. खिडकीतून ओरडली, "आजोबा, गेला! गेला तो! जेवा!"

मी उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. समोरच्या लॉन्ड्रीच्या गच्चीवर टाकीच्या कडेला सूर्य चांगला वीतभर वर होता. तिचे केस त्या उन्हात तांबडे दिसत होते. तिने दोन्ही हात पसरून काच झाकायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "खरंच गेला."

मी म्हटलं, "गेला का? बरं झालं बाई." देवाजवळ दिवा लावला, हात धुतले आणि ताटावर बसलो.